धक्क्याला उजवीकडे, धावताना डावीकडे

मालकांचं पहिलं वाक्य होतं, "बोट डावीकडे पडते, डाव्या बाजूचं काहीतरी बिघडलंय." पुढचा दीड दिवस मीही त्या वाक्याच्या मागे लागून डावी बाजूच तपासत बसलो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

बोट फायबरची, ६.२ मीटर लांब, खोल व्ही आकाराच्या तळाची. ट्रान्समजवळ, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीपाशी, तळाचा उतार दोन्ही बाजूंना २० अंश. मागे १५० अश्वशक्तीचं एकच आउटबोर्ड इंजिन, प्रोपेलर नेहमीसारखा उजव्या फेऱ्याचा. चालकाची जागा उजवीकडे. ट्रान्समच्या खालच्या कडेला दोन ट्रिम टॅब, म्हणजे हायड्रॉलिकने खालीवर होणाऱ्या पट्ट्या; एक खाली केली की धावताना त्या बाजूचा मागचा भाग उचलला जातो. (या लेखात डावं-उजवं सगळं बोटीत पुढे तोंड करून उभं राहिल्यावरचं आहे.)

तक्रार अशी: मागच्या हंगामापर्यंत बोट सरळ पळायची. या हंगामात पाण्यात उतरवल्यापासून २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) पुढे गेली की डावीकडे कलायला लागते आणि वेग वाढेल तसा कल वाढतो. कुणी डावीकडे बसलं तर डावी कड पाण्याला टेकेल की काय असं वाटतं. ट्रिम टॅबनं सरळ करता येते, पण मग बोट "जड" होते.

माझ्याआधी एका मेकॅनिकनं तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. डाव्या टॅबचा सिलिंडर बदलला, फरक शून्य. प्रोपेलर बदलला, फरक शून्य. मग दोन बॅटऱ्यांपैकी डावीकडची उचलून उजवीकडे नेली, आणि तेवढ्यानं कल थोडा कमी झाला. याच "थोड्या"नं घोळ घातला. त्यामुळे मालकांची खात्री पटली की प्रश्न वजनाचा आहे, आणि ते नांगराची साखळी, जॅकेटं, अवजारांची पेटी असं एकेक सामान उजवीकडे सरकवायच्या बेतात होते. कुठल्याही कारणानं कललेली बोट उलट बाजूला वजन ठेवलं की थोडी तरी सरळ होणारच. उपाय लागू पडला म्हणजे कारण सापडलं असं नसतं.

धक्क्यावरची पाणसळ

बोट धक्क्याला लावली, सगळ्यांना उतरवलं. बोटीच्या तळाशी पाणी साचलेलं नव्हतं, इंधनाची टाकी मध्यरेषेवर आणि अर्धी भरलेली. मधल्या सपाट भागावर आडवी पाणसळ ठेवली, शेजारी मोबाइलचं कोनमापक. बोट उजवीकडे साधारण १ अंश कललेली. ते रास्तच होतं, दोन्ही बॅटऱ्या आता उजवीकडे होत्या.

मग ८० किलोच्या मदतनिसाला मध्यरेषेच्या डावीकडे अर्ध्या मीटरवर बसवलं, आकडा टिपला. तिथून उठवून उजवीकडे अर्ध्या मीटरवर बसवलं, पुन्हा टिपला. फरक ४ अंशांचा. म्हणजे ८० किलो एक मीटर सरकले की बोट ४ अंश हलते. हा आकडा वहीत लिहून ठेवला. पुढे सगळा निकाल त्यावरच लागला.

तोवर माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. जुन्या फायबरच्या बोटीत फरशीखाली फोम भरलेला असतो. कुठून तरी पाणी झिरपून एका बाजूचा फोम भिजला की कित्येक किलो वजन न दिसता एका कुशीत बसतं. मला तोच संशय होता, आणि डावीकडची फरशी ठोकून ऐकण्यात, तपासणीचं झाकण उघडून हात घालून चाचपण्यात मी बराच वेळ घालवला. फोम खडखडीत कोरडा.

खरं तर हे सगळं करायची गरजच नव्हती. डावीकडे लपलेलं वजन असतं तर उभ्या बोटीत ते आधी दिसलं असतं. उभी बोट तर उजवीकडे कलत होती.

पाण्यावरची फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा जवळपास नव्हता. तरी प्रत्येक वेग दोन्ही दिशांना जाऊन मोजला, कारण खोल व्हीच्या बोटी वाऱ्याला फसवतात. बाजूचा वारा नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, एका बाजूला ढकलतो. चालक नकळत सुकाणू वाऱ्याकडे वळवून धरतो. बोट किंचित तिरकी सरकत पळते, वाऱ्याआडच्या तळाला पाण्याचा जास्त दाब मिळून ती बाजू उचलली जाते आणि बोट वाऱ्याच्याच दिशेला कलते. नवख्याला हे उलटं वाटतं. पण यात परतीच्या वाटेवर कल दुसऱ्या कुशीवर जातो. आमची बोट जाताना आणि येताना डावीकडेच कलत होती. वारा बाद.

चालक त्याच्या जागी, मदतनीस मध्यरेषेवर, टॅब पूर्ण वर. आकडे असे आले: १५ नॉटला उजवीकडे अर्धा अंश, २० ला डावीकडे जेमतेम अर्धा, २५ ला डावीकडे २ अंश, ३१ ला डावीकडे ४ अंश. ३१ च्या पुढे बोट जाईनाच.

हे आकडे मी दोनदा वाचले. बोट एकाच फेरीत उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर जात होती. वजन वेगाबरोबर वाढत नाही. म्हणजे वेगाबरोबर वाढणारं काहीतरी तिला डावीकडे लोटत होतं, आणि कमी वेगात चालकाचं व उजवीकडच्या बॅटरीचं वजन त्याला पुरून उरत होतं. पाण्याचा गतिज दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ३१ नॉटला तो चौरस मीटरला १३ टनांच्या आसपास असतो, निम्म्या वेगाला त्याच्या पाव.

वेगाबरोबर वाढणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या: प्रोपेलरची पीळशक्ती (टॉर्क) आणि तळावरचा असमान दाब.

पीळशक्तीचा संशय रास्त होता. उजव्या फेऱ्याचा प्रोपेलर मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बोटीला उलट्या दिशेनं, म्हणजे डावी बाजू खाली, असा पीळ पडतो. एका प्रोपेलरच्या अनेक बोटींत चालकाची जागा उजवीकडे असण्यामागे हेही एक कारण आहे. व्होल्व्हो पेंटानं १९८२ मध्ये आणलेल्या ड्युओप्रॉपमध्ये एकामागे एक उलट फिरणारे दोन प्रोपेलर असतात, त्यात हा पीळ आपसांत मिटतो.

पण केवढा? १५० अश्वशक्ती म्हणजे ११० किलोवॅट. गिअरमधून निम्मे होऊन प्रोपेलरचे फेरे मिनिटाला साधारण २८०० धरले तर पीळ ३७५ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे मध्यरेषेपासून एक मीटरवर ठेवलेल्या ३८ किलोंइतका. ८० किलोचा चालक उजवीकडे अर्ध्या मीटरवर बसला की ४० होतात. फिटंफाट. या बोटीत पीळ आणि चालक एकमेकांना खातात, ४ अंशांसाठी काही उरत नाही.

तरी एक चाचणी केली. ३० नॉटवर सरळ धावत असताना थ्रॉटल झटकन ५४०० वरून ४००० फेऱ्यांवर आणला. पूर्ण बंद केला नाही, तसं कधी करू नये. नाळ पाण्यात खुपसते आणि माणसं पुढे फेकली जातात. थ्रॉटल ओढताच पीळ तात्काळ उतरतो, बोटीचा वेग उतरायला मात्र दोन-तीन सेकंद लागतात. कल लगेच निम्मा झाला तर प्रोपेलर, वेगासोबत हळूहळू उतरला तर तळ. मागे बसून मी मोबाइलवर पडद्याचं चित्रण घेत होतो. कल हळूहळू उतरला.

मग ३० नॉटवरच मदतनिसाला डावीकडून उजवीकडे सरकवलं, धक्क्यावर केलं तसंच, फक्त या वेळी हाताला धरायला कडी देऊन. फरक ३ अंश. म्हणजे धावताना एक अंश कलवायला सुमारे २७ किलो एक मीटरवर लागतात. ४ अंशांचे १०८, आणि बॅटरी हलवून आधीच झाकलेले २५. एकूण १३० च्या वर. एक मीटरवर १३० किलो! दोन माणसं डाव्या कठड्यावर बसवल्यासारखं. असं वजन धक्क्याला उभ्या बोटीत लपून राहूच शकत नाही; तिथल्या आकड्यानं बोट साडेसहा अंश कलली असती.

डावीकडचा तळ

बोट पट्ट्यांनी उचलून बाहेर काढली आणि मी दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळपट्टी घेऊन डाव्या तळाखाली शिरलो. बोट डावीकडे बसते, तर डावीकडे काहीतरी तिला खाली ओढत असणार, असा माझा हिशेब. तसं ओढणारी एक गोष्ट खरंच असते. ट्रान्समच्या खालची कड धारदार असावी लागते, म्हणजे पाणी तळावरून सुटून निघून जातं. कुणी दुरुस्ती करताना ती कड गोल केली, की पाणी त्या गोलाईला चिकटून वर वळतं आणि तिथे ओढ तयार होते, त्या बाजूचा मागचा भाग खाली बसतो. तळावर रंग चढवणारे हौसेनं ही कड घासून गुळगुळीत करतात. दिसायला छान दिसतं.

डावी कड धारदार. तळ सरळ, पट्टीखाली कुठेही एक मिलीमीटरही फट नाही. लांबीच्या उभ्या पट्ट्या शाबूत. शंख-शिंपले नाहीत. खोली मोजायच्या सेन्सरचं ब्रॅकेट मध्यरेषेजवळ, सरळ. ट्रिम टॅब वर घेतल्यावर तळाच्या रेषेत. तासभर मोजून डावी बाजू निर्दोष ठरली.

चहा घेताना मालक सहज म्हणाले, "आणि पळतही नाही आता पूर्वीसारखी. मागच्या वर्षी ३४ पर्यंत जायची. इंजिनही जास्त वर ट्रिम (तिरकं) करावं लागतं, नाहीतर नाक खाली घालून जाते."

ही तक्रार त्यांनी आधी सांगितली नव्हती, कारण त्यांच्या मते ती वेगळी होती. इंजिन जुनं झालं असेल असं त्यांनी धरलं होतं. मला मात्र दोन्ही टोकं जुळताना दिसली. वजन एका बाजूला गेल्यानं नाक खाली जात नाही. प्रोपेलरच्या पिळानंही नाही. मागचा भाग उचलला गेला तर मात्र नाक खाली जातं. आणि मागचा उजवा कोपराच उचलला गेला तर नाक खाली जाईल आणि बोट डावीकडेही कलेल.

बोट डावीकडे पडत नव्हती. उजवीकडून उचलली जात होती.

उजवीकडे

कप खाली ठेवून सरळपट्टी उजव्या तळाला लावली. कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेपासून, २५ सेंटीमीटरवर फट दीड मिलीमीटर. ५५ सेंटीमीटरवर पट्टी ट्रान्समच्या कडेला टेकली, पुढे दोन मीटरवर टेकली आणि मध्ये उजेड दिसायला लागला. फट मोजायला फीलर गेज पुरेना, तेव्हा ड्रिलच्या बिटांचे दांडे एकेक करून सरकवले. ट्रान्समपासून ४५ सेंटीमीटरवर फट सर्वात मोठी, सव्वाचार मिलीमीटर. पुढच्या सरळ तळाची रेषा मागे वाढवली तर ट्रान्समची कड त्या रेषेच्या साडेपाच मिलीमीटर खाली येत होती.

याला बोटवाले हूक म्हणतात: तळाचा शेवटचा भाग आकड्यासारखा खाली वळणं. साडेपाच मिलीमीटर म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी. पण अर्ध्या मीटरपेक्षा कमी अंतरात तेवढं वळण म्हणजे कडेपाशी जवळजवळ दीड अंशाचा उतार, आणि तो १३ टन दाबाच्या पाण्यात. तळ असा वळला की तो कायम खाली करून ठेवलेल्या ट्रिम टॅबसारखा वागतो. टॅबनं मिळणारी उचल त्याचं क्षेत्रफळ, कोन आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढते. सावित्स्की आणि ब्राउन यांनी १९७६ मध्ये यासाठी दिलेलं सूत्र आजही वापरतात. त्यात आमचे आकडे घातले तर उचल दोनशे ते अडीचशे किलोंच्या घरात येते. कण्यापासून ६० सेंटीमीटरवर तेवढी उचल म्हणजे १२० ते १५० किलो एक मीटरवर. पाण्यावर मोजलेले १३० बरोबर त्यात बसत होते.

"जड" का वाटायची तेही यातच आलं. मालक डावा टॅब खाली करून बोट सरळ करत. म्हणजे उजवीकडे एक न दिसणारा टॅब आणि डावीकडे एक दिसणारा, दोन्ही खाली. मागचा भाग दोन्हीकडून उचलला जाई, नाक दाबलं जाई, वेग पडे. (टॅबच्या स्विचांनी त्यांना वर्षभर गोंधळात टाकलं होतं ते वेगळंच. बऱ्याच पॅनलांवर डावीकडच्या स्विचनं उजवा टॅब खाली जातो, कारण स्विचवर लिहिलेलं असतं नाळेची कुठली बाजू खाली जाईल ते, टॅब कुठला हलेल ते नव्हे. आधीच्या मेकॅनिकनं डावा सिलिंडर बदलला त्यामागेही हाच घोळ असावा, असं मला वाटतं.)

ट्रेलरची फळी

तळ आपोआप वळत नाही. ट्रेलर पाहायला गेलो. बोट ज्या दोन लांब गादीच्या फळ्यांवर बसते त्यातली उजवी मागच्या हंगामाअखेर तुटली होती. घाईत दुसरी बसवली, ती ४० सेंटीमीटर आखूड. डावी फळी ट्रान्समच्या थेट खाली पोचत होती, उजवी अलीकडेच संपत होती. त्यावर बोट आठ महिने उभी. ट्रान्समवर दोनशे किलोंच्या वरचं इंजिन टांगलेलं, वरून ऊन. पॉलिएस्टर रेझिन तापलं की थोडं मऊ पडतं, आणि सततच्या भाराखाली हळूहळू आकार सोडतं. उजवा कोपरा अधांतरी लोंबत राहिला आणि तसाच घट्ट झाला.

आतून हातोडीच्या दांड्यानं ठोकलं तर ट्रान्समजवळ उजव्या लांब तुळईच्या कडेला आवाज बद्द यायला लागला. तुळई आणि तळ जोडणारं काचकापडाचं जोडकाम ६० सेंटीमीटर सुटलेलं. ते आधी सुटलं म्हणून तळ वळला, की तळ वळला म्हणून ते सुटलं, ते मी सांगू शकत नाही. दुरुस्त दोन्ही करायचं होतं.

मालकांचा पहिला प्रश्न होता, बाहेरून घासून टाका ना. साडेपाच मिलीमीटर घासायचे म्हणजे तिथल्या तळाची निम्म्याहून जास्त जाडी घालवायची, तीही इंजिनाखाली. मी साफ नाही म्हटलं. त्याऐवजी खालून रुंद फळी आणि दोन जॅक लावून कड हळूहळू वर घेतली. ती ३ मिलीमीटर आली, पुढे लॅमिनेट, म्हणजे काचकापड आणि रेझिनचे थर, करकरायला लागलं तेव्हा थांबलो. त्या स्थितीत आतून तुळईचं जोडकाम खरवडून नव्यानं एपॉक्सी आणि काचकापडानं बांधलं, शेजारी एक आडवी पट्टी जास्तीची दिली, आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत जॅक हलवले नाहीत. जॅक काढल्यावर अर्धा मिलीमीटर परत गेला. उरलेला खळगा बाहेरून एपॉक्सी पुट्टीनं दोन मीटरच्या लांबीवर पसरून भरला, म्हणजे उतार इतक्या लांब अंतरात वाटला गेला की पाण्याला तो जाणवू नये. पुट्टीवर काचकापडाचा एक थर दिला. ट्रान्समची कड शेवटी गुण्या लावून काटकोनात धारदार केली. रंगकाम करणाऱ्याला ती कड घासू नको असं दोनदा सांगितलं.

आखूड फळी काढून ट्रान्समच्या खालपर्यंत जाणारी बसवली.

पुन्हा पाण्यावर

त्याच पाण्यात, वारा नसलेल्या सकाळी, तीच माणसं त्याच जागी. ३१ नॉटला बोट उजवीकडे पाऊण अंश कलली.

मालकांचा चेहरा पडला. "आता उजवीकडे?"

बॅटरी आम्ही सगळेच विसरलो होतो. बोट थांबवली, ती उचलून मूळ जागी डावीकडे नेली, घट्ट बांधली आणि पुन्हा निघालो. ३१ नॉटला पाणसळीतला बुडबुडा मध्यावर, किंचित डावीकडे. टॅबला हात न लावता बोट ३३.५ नॉटपर्यंत गेली.

मदतनीस डावीकडे बसला की ती अजूनही दीड अंश त्याच्या बाजूला कलते. मालकांना तेही घालवायचं होतं. मी म्हटलं, त्यासाठी टॅब आहेत, तेवढा वापरा.

हंगाम संपल्यावर बोट नव्या फळीवर ठेवताना मी पुन्हा सरळपट्टी लावून पाहिली. उजवीकडे ५५ सेंटीमीटरवर एक मिलीमीटरचा बिट जात नव्हता.